धारेची साडी

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. भूत, भानामती, बाहेरची बाधा... या असल्या गोष्टींचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. गावात कुणाच्या म्हशीनं चारा सोडला आणि घरचे मिरच्या ओवाळायला लागले, की मी तिथंच तोंड सोडतो — "अरे, आधी थर्मामीटर लावा, मग मिरच्या जाळा!" बावीस वर्षं मी पशुसंवर्धनात पर्यवेक्षक म्हणून काढलीत. लोक डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण म्हणू देतो. जनावरानं काहीही केलं तरी त्याला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा पोटात नाहीतर कासेत सापडतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्यामुळं खालचं वाचून 'यांनी टाकली होती काय' असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मी पीत नाही.

शिरूर कासारपासून चौदा किलोमीटरवर आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण यातल्या बायका रोज माझ्या दारावरून जातात. घराच्या मागं पत्र्याचा गोठा, तोंड पूर्वेला. खाली शहाबादी फरशी, तीन खुंटे. त्यातल्या दोन खुंट्यांना त्या वर्षी जनावरच नव्हतं. तिसऱ्याला चंद्री, आमची जर्शी गाय. बाजारातून आणली त्याला चार वर्षं झाली होती. ही चार वर्षं नीट लक्षात ठेवा.

साल दुष्काळाचं. दिवाळी झाली आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघून गेलं. मागं राहिले म्हातारे आणि ज्यांच्या दारात दुभतं होतं ती घरं. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. त्या दिवशी अख्ख्या गावाच्या आंघोळी, धुणी, भांडी सगळं उरकायचं, आणि बाकीचे सहा दिवस एकमेकांच्या ड्रमकडं बघत काढायचे. ड्रमांना कुलपं होती. हसू नका, खरंच होती.

तर अशा वर्षात आमच्या गावच्या महिला दूध संस्थेला सहलीचं खूळ लागलं. संस्थेची चेअरमन माझी बायको, लता. वरच्या दूध संघाकडून निरोप आला की बायकांचा अभ्यासदौरा काढा, कुठली तरी मोठी डेअरी बघून या. मारुतीच्या सभामंडपात मीटिंग बसली. मी कोपऱ्यात लसीकरणाचा तक्ता भरत बसलो होतो.

समोरच्या घरातली कमलबाई पहिली उठली. "दूधच बघायचंय तर इतक्या लांब कावून जायचं? मपल्या दारात काय कमी हाय? आमाला वाघ दावा!"

सगळ्या हसल्या, पण विषय तिथंच चिकटला. वाघ म्हणजे राष्ट्रीय उद्यान, म्हणजे विदर्भ. मग कुणीतरी मोबाईलवर तंबूचे फोटो दाखवले. तलावाच्या काठाला तंबू, समोर शेकोटी. रुक्मिणआत्या साठीच्या पुढची, आयुष्यभर कारखान्यांच्या फडात कोयता चालवलेली. ती फोटो बघून म्हणाली, "आगं, पंधरा हंगाम कोपीत झोपले, पाचट अंथरून. तवा कुणी क्यांपिंग म्हणलं न्हाई मला!"

एवढं हसू त्या वर्षी गावात मी तेव्हा एकदाच ऐकलं. ठरलं मग. अकरा बायका, एक गाडी, दोन रात्री तंबूत. सगळं ऑनलाईन बघायला, परवानगीचे कागद करायला डॉक्टर होतेच. मला आवडलं ते काम, खोटं कशाला बोलू. आधारकार्डांच्या झेरॉक्स, कुणाच्या तंबूत कोण, किती भाकऱ्या, किती ठेचा... वनखात्याच्या सूचनांत लिहिलेलं, भडक कपडे नकोत. कमलबाईकडं भडक नसलेली साडीच नव्हती. त्यावर दोन दिवस वाद.

फक्त लता गप्प होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुमी समद्या जावा. मी थांबते. सकाळ-संध्याकाळ दूध कोण मापून घेईल?"

मी चिडलो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, ही बाई एकदाही कुठं गेली नव्हती. माहेरी, दवाखान्यात आणि लग्नाकार्याला, बास. आमची मुलगी अंबाजोगाईला शिकते. ती लहान असताना शाळेची सहल निघाली की लताला ताप चढायचा. पोरीला सहा वेळा सहलीला जाऊ दिलं नाही. मला वाटायचं, भित्री आहे. मी म्हणालो, "चेअरमनच नाही तर गाडी कशाला निघती? तू नाही गेलीस तर मी सगळं कॅन्सल करतो. सांग जाऊन बायकांना." तिनं माझ्याकडं बघितलं... आणि यादीवर सही केली. मला वाटलं, जिंकलो.

आता दुधाचं. बायका चार दिवस नाहीत म्हणजे धारा काढणार कोण? पुरुष. ज्यांचा जनावराशी संबंध आहे त्यांना माहीत असेल, बाईच्या हाताला सवकलेली गाय पुरुषाला सहजासहजी पान्हा सोडत नाही. त्याला आमच्याकडं जुना उपाय आहे. त्या बाईची अंगावरची, न धुतलेली साडी पँटवरूनच कमरेला गुंडाळायची, पदर डोक्यावरून घ्यायचा आणि बसायचं धारेला. गाईला वास ओळखीचा लागतो, हात जरा वेगळा असला तरी ती चालवून घेते. यात जादू नाही. वास, सवय आणि ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन. मी शेतकऱ्यांच्या शिबिरात हे फळ्यावर काढून दाखवतो.

बायकांनी हुकूम काढला — निघायच्या आधी दहा दिवस संध्याकाळची धार पुरुषांनी काढायची. सराव! रोज साडेपाचला गावात अकरा गडी लुगड्यात. एकमेकांना बघून गडी शिव्या घालायचे. मलाही सोडलं नाही कुणी. "डॉक्टर, पदर सरकला की बे!" असं पारावरून ओरडायचे.

माझं पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी चंद्रीनं बादलीला लाथ घातली. कारण मला कळलं होतं. लता स्वच्छतेची लई कडक. मला द्यायची ती साडी धुतलेली, पावडरच्या वासाची. चौथ्या दिवशी टँकर आला, म्हणजे घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या साड्या पाण्यात. लता संस्थेत गेलेली. साडेपाच वाजलेले, चंद्री हंबरतेय. मी आत गेलो, लताची लग्नातली पत्र्याची पेटी उघडली आणि अगदी तळाला एक साडी सापडली. मोरपंखी, सुती, चुरगळलेली, कशात तरी गुंडाळून ठेवलेली. धुतलेली दिसत नव्हती. म्हटलं, हीच पाहिजे. नवऱ्यानं बायकोच्या पेटीत हात घालू नये हे मला कळायला पाहिजे होतं, पण त्या वेळी फक्त धारेचं डोक्यात होतं.

साडी गुंडाळून मी गोठ्यात पाय ठेवला आणि चंद्री वळली. माझ्याकडं नाही... माझ्या खांद्याच्या मागं बघत होती. कान पुढं. मी खाली बसलो, अजून कासेला हातही लावला नव्हता, तर चारी सडांतून दूध फरशीवर पडायला लागलं. वासरू समोर आल्यावर गाय अशी पान्हावते. मी पटकन बादली धरली. खूश होतो, शिट्टी वाजवत धार काढली.

उठलो तेव्हा पायाला गार लागलं. बघतो तर साडीचा काठ ओला. वीतभर, सगळीकडून सारखा. मला वाटलं मूत असेल, नाहीतर सांडलेलं दूध. वास घेतला. ना मूत, ना दूध. चिखलाच्या पाण्याचा वास होता, तळ खरवडल्यावर येतो तसा. आणि आत माझी पँट कोरडी होती.

मी साडी दोरीवर टाकली, वाळवली, घडी घालून पेटीत ठेवली आणि लताला काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? काठ ओला झाला म्हणून कुणी वर्दी देतं का?

दुसऱ्या संध्याकाळी मुद्दाम तीच साडी घेतली. या वेळी माझ्यातला शिबिरवाला जागा झाला होता. फरशी फडक्यानं कोरडी केली, खाली खताची प्लॅस्टिकची गोणी अंथरली, पाण्याची बादली बाहेर ठेवली. चंद्री पुन्हा मागं बघून पान्हावली. मी धार काढत होतो आणि पोटऱ्यांना गारवा वर चढत असल्याचं कळत होतं... सावकाश, भांडं भरत यावं तसा. उठलो तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिंब. पाण्याची रेघ सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. गोणी कोरडी, फरशी कोरडी, पँट कोरडी.

तिसऱ्या संध्याकाळी मांडीपर्यंत. त्या दिवशी अजून एक झालं. मागून पदराला हिसका बसला. चंद्रीच्या वासरानं ओढला म्हणून मी "हाट" केलं आणि मग आठवलं, वासरू बाहेर लिंबाला बांधलंय. मी मागं वळून बघितलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत पिसाळलेल्या बैलासमोर उभा राहिलेला माणूस मी, पण त्या उजेडात, बाहेर कोंबड्या फिरत असताना, मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी कमरेपर्यंत. ओल्या साडीचं वजन असतं तेवढंच नव्हतं ते. कमरेला कुणी पिठाची गोणी बांधून खाली सोडल्यागत ओढ लागत होती. उठताना खुंट्याला धरावं लागलं. आणि एक मी तपासून बघितलं होतं — सकाळी काही नाही. सकाळी लताच्या धारेच्या आधी मी ती साडी नेसून अर्धा तास गोठ्यात बसलो, येड्यासारखा. कोरडी ठक्क. जे व्हायचं ते फक्त संध्याकाळी साडेपाच ते सहा.

आता माझं डोकं कुठं गेलं असेल बघा. लताची साडी. पाणी रोज वर चढतंय. आणि लता चार दिवसांनी तलावाच्या काठाला झोपायला चाललीय, माझ्या हट्टापायी. तिला पोहता येत नाही. कारणबिरण गेलं खड्ड्यात, मला माझी बायको पाहिजे होती.

रात्री जेवताना मी सरळ म्हणालो, "सहल कॅन्सल."

"कावून?"

"सांगितलं ना, कॅन्सल."

"अवो, तुमीच मागं लागला होता की! आता समद्यांचं बांधून झालंय. काय झालं ते तरी सांगा."

मी उठलो आणि साडी आणून तिच्यासमोर टाकली. अजून ओली होती.

लताचा हात ताटात तसाच राहिला. डाव्या हातानं तिनं काठ चाचपला. फक्त विचारलं, "भिजली कशी?" मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं. ती मधे एकदाच बोलली. "किती वाजता?" साडेपाच, म्हणालो. तिनं डोळे मिटले.

लताला मोठी बहीण होती, मंगल, आमच्या लग्नाआधी पाण्यात पडून गेली, एवढं मला सासऱ्यांनी सांगितलं होतं. बाकीचं त्या रात्री एकोणीस वर्षांनी कळलं. तेव्हाही असाच दुष्काळ. त्यांच्या गावात अरुंद, खोल आड होता. टँकर यायचा तो आडात पाणी ओतायचा आणि मग बायका शेंदायच्या. मधल्या दिवसांत तळाला वाटीनं भरण्याएवढंच पाणी. एकीनं लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरायचं, वाटीवाटीनं कळशी भरायची. दुसरीनं वर काठावर बसून दोर धरायचा आणि खाली माणूस आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. या दोन बहिणी कायम जोडीनं जायच्या. मंगल खाली, लता वर.

"शाळेची सहल निघाली होती," लता म्हणाली. "नववीत होते मी. अण्णा म्हणले, पाणी भरून ठिवल्याबिगर जायचं न्हाई. मंगलताई म्हणली, तू जा गं, मी भरते एकटी. पोरी पुन्हा पुन्हा सहलीला जात्यात का... म्हणली."

त्या दिवशी टँकर एक दिवस आधी आला. संध्याकाळी साडेपाचला. काठावर कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं आत न बघता पाईप सोडला.

"वरून पाणी पडायचा आवाज. ती वरडली असंल तर कुणाला ऐकू जाणार? काठावर मी पाहिजे होते." पुरताना मंगलला नवी साडी नेसवली. अंगावरची ओली साडी कुणीतरी कोपऱ्यात टाकली होती. लतानं ती लपवली आणि लग्नात पेटीच्या तळाला घालून आणली. एकदाही धुतली नाही.

मी म्हणालो, "बास. तू जात नाहीस. ती तुला—"

लता माझ्यावर पहिल्यांदा त्या रात्री खवळली. "काय ती मला? ती मला काय करंल? इतकी वर्षं मी कुठं गेले न्हाई, पोरीला जाऊ दिलं न्हाई. त्यानं ती आडातून वर आली का? मी जाणार. आता तर जाणारच." मग हळू आवाजात म्हणाली, "धार मात्र तुमीच काढायची. ह्याच साडीवर. तिच्यापाशी कुणीतरी बसायला पाहिजे."

एकदा वाटलं गाडीच्या टायरमधली हवा सोडावी. सोडली नाही. राहिलेल्या संध्याकाळी पाणी कमरेला येऊन थांबायचं, वर चढायचं नाही. मला त्याचाही धीर वाटायला लागला होता.

निघायच्या पहाटे बायका नव्या नवरीसारख्या नटून आल्या. कमलबाई शेवटी भडकच साडी नेसून आलेली. रुक्मिणआत्यानं गाडीत बसल्या बसल्या भाकरी सोडली. लता खिडकीशी बसली. मी म्हणालो, "पाण्यापाशी जाऊ नको." ती म्हणाली, "चंद्रीला पेंड भिजवून घाला."

त्या संध्याकाळी पाणी कमरेला. रात्री लताचा फोन आला, पोचलो, उद्या आत जायचंय, तिकडं रेंज नाही म्हणतात. आवाजात हसू होतं. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर झोपलो.

दुसरी संध्याकाळ. साडेपाचला बसलो. चंद्रीनं मागं बघितलं नाही त्या दिवशी. तिनं माझ्याकडं बघितलं, सरळ तोंडाकडं. पान्हा आला. मी चार धारा ओढल्या असतील नसतील, पाणी कमरेवर आलं. पोटाला. छातीवरून घेतलेला पदर खालून वर भिजत येताना मला डोळ्यांनी दिसत होता. बाहेर चांगला उजेड होता, शेजारी रेडिओ चालू होता, आणि मी माझ्याच गोठ्यात बुडत होतो. ओढ इतकी की बसल्या जागी फरशीवरून पुढं घसरलो. एका हातानं खुंटा धरला. श्वास घेता येईना. पाणी काखेपर्यंत आलं आणि माझा धीर सुटला. म्हटलं, फेकून द्यावी ही साडी, एकदाच सुटका. दुसरा हात कमरेच्या गाठीला गेला...

तेवढ्यात चंद्री हंबरली. गाईचे सगळे आवाज मला कळतात. वासरू हरवल्यावर गाय जशी हंबरते तशी ती हंबरली, आणि थांबेच ना. मी खुंटा दोन्ही हातांनी कवटाळला. डोळे मिटून घेतले. 'लता, लता' एवढंच म्हणत होतो, मोठ्यानं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एकदम कंबर मोकळी झाली. बादली उपडी पडली होती, दूध फरशीवर. घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी.

मी लताला फोन लावला. लागत नाही. ड्रायव्हरचा, कमलबाईचा, गेटवरचा जो नंबर होता तो... एकही नाही. रात्रभर ओट्यावर बसून होतो. पहाटे शिरूरला जाऊन तिथून गाडी धरावी असं ठरवलं, मग वाटलं, पोचेपर्यंत त्या तिथून निघतील. मुलीला फोन करायचं धाडस झालं नाही. काय सांगणार तिला?

तिसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा साडी नेसून बसलो. चंद्रीनं लाथ मारली. पान्हा नाही. साडी कोरडी. मी तिच्या पायाशी बसून वाट बघितली, म्हणालो, भिजव बाई, कमरेपर्यंत तरी भिजव, काहीतरी कळू दे. काही झालं नाही. सहा वाजले, सात वाजले. पंचेचाळीस वर्षांचा गडी साडी नेसून गोठ्यात रडत होता आणि मला कुणाची लाज वाटली नाही.

साडेआठला फोन वाजला. लता. "आमी निघालो. सकाळी येतो." घसा बसलेला.

सकाळी गाडी आली. एरवी दारात बसून गप्पा मारणारी कमलबाई लताच्या पायावर डोकं ठेवून गेली. मग लतानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका भांडी घासायला तलावावर गेल्या. गार्डनं दोनदा बजावलं होतं की काठाला जाऊ नका, पण एवढं भरलेलं पाणी बघून आमच्या बायकांना कुठलं राहवतंय? हंडाभर पाण्यासाठी दिवस दिवस बसणाऱ्या त्या. कमलबाई कळशी घेऊन पुढं गेली. वर वेलींचा हिरवा थर होता, तिला जमीन वाटली. पाय चिखलात रुतला आणि ती बघता बघता गळ्यापर्यंत आत. सगळ्या काठावर ओरडत राहिल्या. लता आत उतरली. छातीपर्यंत. कमलबाईचे केस हाताला लागले, ते धरून ओढत राहिली. गार्ड धावत येऊन दोर टाकेपर्यंत.

"तुला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"मला मागून धरलं होतं," लता म्हणाली. "कमरंला. माझ्या मागं कुणीबी न्हवतं. पण पाय सुटले न्हाईत माझे. वर कुणीतरी दोर धरून बसलंय, असं वाटत होतं. लई घट्ट."

मी तिला विचारलं, किती वाजले होते? तिनं गोठ्याकडं बघितलं. दोघांनाही माहीत होतं.

मग ती म्हणाली, "मधी एकदा मात्र सुटलं. एकदमच सैल झालं. पाणी नाकातोंडात गेलं, म्हणलं, संपलं आता... मग पुन्हा धरलं." ती माझ्याकडं बघत होती. "तुमी साडी सोडली न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. उठून गोठ्यात गेली आणि मोठ्यानं रडली. 'मंगलताई' अशी हाक तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. ती साडी नंतर तिनं धुतली. आता ती इतर साड्यांबरोबर दोरीवर असते. कधी काही झालं नाही. यंदा संस्थेच्या बायका समुद्र बघायचा म्हणतायत आणि यादीत पहिलं नाव लताचं आहे.

पान्हा कसा येतो हे मी कुणालाही फळ्यावर काढून दाखवीन. पण चार वर्षांपूर्वी आणलेल्या गाईनं एकोणीस वर्षांहून आधी गेलेल्या बाईला कसं ओळखलं, पाणी कुठून आलं, ती लताला ओढत होती की धरून होती... यातलं एकही मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. कुणाला उलगडलं तर मला नका सांगू. कारण त्या संध्याकाळी चंद्री हंबरण्याच्या आधी मी कमरेची गाठ सोडली होती. पूर्ण सोडली होती. हंबरणं ऐकून मी ती पुन्हा बांधली आणि मग खुंटा कवटाळला. हे मी लताला अजून सांगितलेलं नाही.